वीस गुणांचा उतारा

१

पाकिटावर लाल शाईनं ‘पेपरफुटी’ असं लिहिलं होतं आणि आत एकच उत्तरपत्रिका होती. परीक्षा मंडळाच्या सचिवांनी ती दोन बोटांनी माझ्यापुढे सरकवली.

“वाचा बाई. पान सात ते दहा. दुसरा प्रश्न.”

मी गद्य शिकवून निवृत्त झाले त्याला सहा वर्षं झाली. लेखक काय म्हणतो ते कुणीही सांगेल. तो आधी काय सांगतो, मागे काय ठेवतो, काय दडवतो आणि कुणाकडे बघून बोलतो, हे मुलांना वाचायला शिकवणं हा माझा धंदा होता. मुलं पाठीमागे मला भिंग म्हणत. जाड चष्म्यामुळे म्हणत असतील, मी ते कौतुक समजून घेतलं. निवृत्तीनंतर मंडळानं मला गैरप्रकार चौकशी समितीवर घेतलं, म्हणजे कॉपीच्या चिठ्ठ्यांवरचं अक्षर जुळवत बसायला.

दुसऱ्या प्रश्नाला वीस गुण असतात. न पाहिलेला उतारा द्यायचा आणि लेखकानं कोणत्या निवडी केल्या, का केल्या, हे विचारायचं. उतारा कुणी आधी वाचलेला नसावा म्हणून आमच्या मंडळाचा जुना नियम आहे: प्रश्न काढणाऱ्यानं तो स्वतः नव्यानं लिहायचा आणि तसं सही करून द्यायचं. यंदाचा उतारा असा होता:

‘आजाऱ्याला भेटायला जाणारे आम्ही सारे थोडे नट असतो. सकाळी सहाला समोरच्या भिंतीवर उन्हाची चिंधी पडते, साडेसातपर्यंत ती वीतभर होते आणि मग जाते. चारला आम्ही येतो. माणसाचं तोंड हसत असलं तरी हनुवटीखालचा गळा खरं सांगतो. तो दोनदा हलला की बातमी वाईट. औषधाच्या ट्रेच्या तळाला जुनी चिठ्ठी चिकटली आहे, ती कुणी काढत नाही. खिडकी पावणेदोन हात रुंद. तिच्यातून बाग दिसते, आणि बाग म्हणजे आशाच नव्हे काय? पाचला घंटा होते. दारापर्यंत अकरा पावलं. एकाची बारा होतात, तो पाय ओढतो. लहान मुलांना पलंगाजवळ येऊ देत नाहीत. सर्वांत धाकटं दोन हात लांब उभं राहतं.’

मग मी मुलीचं उत्तर वाचलं. सतरा वर्षांची मुलगी. अक्षर बेताचं. तिनं लिहिलं होतं:

‘हा लेखक उभा नाही, पडलेला आहे. भावना जवळ आली की तो माप सांगतो. बागेला माप नाही. ट्रेखालची चिठ्ठीसुद्धा न सोडणारा माणूस बाग अशी सोडणार नाही, म्हणून बाग नंतर आणून लावली आहे. तिथे पाण्याची टाकी असणार, गंजलेली, चार पायांची. आणि उतारा इथे संपत नाही. मुलाला दोन हात लांब उभं करून हा माणूस गप्प बसणार नाही. तो पुढे मुलाशी बोलला असेल, आणि बोलला असेल तर कपड्यांबद्दल.’

मी चष्मा काढून पुसला. चौतीस वर्षांत मी असं उत्तर वाचलं नव्हतं.

“फार चांगलं आहे,” मी म्हणाले.

“म्हणूनच तर भानगड आहे. उतारा खरंच तिथे संपत नव्हता. शेवटचा परिच्छेद नियामकांनी कापला. त्यात मुलाशी बोलणं आहे, कपड्यांबद्दल. हे तिला कसं कळलं? शुक्रवारी समितीची बैठक आहे. दोषी ठरली तर तीन वर्षं कुठल्याच परीक्षेला बसता येणार नाही. म्हणजे शिक्षण संपलंच म्हणा.” सचिवांनी आवाज खाली आणला. “आणि बाई, हा पेपर जिनं टाइप केला, ती या मुलीची सख्खी आत्या आहे.”

२

खरं सांगायचं तर त्या क्षणी मीही मुलीला दोषी ठरवून मोकळी झाले होते. आत्या टाइप करते, भाची पेपर देते. यात शोधायचं काय राहिलं?

तरी कागद पाहायचे म्हणून नियामकांकडे गेले. पेपर काढून झाला की तो तपासून काटछाट करणारा हा गृहस्थ. आम्ही सगळे त्यांना कात्री म्हणतो आणि त्यांना ते माहीत आहे. त्यांच्या टेबलावर तीन लाल पेनं आणि एक पट्टी, बाकी काही नाही.

“पाच ओळी जास्त होत्या. कापल्या,” ते म्हणाले. “माझं काम तेवढंच.”

“कापलेलं दाखवा.”

त्यांनी आपली प्रत काढली. शेवटच्या परिच्छेदावर लाल पेनाचे इतके आडवे फटकारे होते की मला ‘फ्रॉक’ आणि ‘बोटं’ एवढेच शब्द लागले. मूळ मसुदा सीलबंद कपाटात, आणि समितीच्या परवानगीशिवाय ते कपाट उघडत नाही.

“इतकं गिरवायची काय गरज होती?”

“कुणी वाचू नये म्हणून. उपयोग काय झाला? फुटायचं ते फुटलंच.” त्यांचा चेहरा पडला होता. वीस वर्षांत त्यांच्या हातून एक ओळ बाहेर गेली नव्हती, आणि संशयितांच्या यादीत आता त्यांचंही नाव होतं. “पूर्ण मसुदा तिघांनीच पाहिला बाई. ज्यांनी लिहिला ते सर, मी, आणि टाइप करणारी. सरांना काय पडलंय कुणाला सांगायचं? मला मूलबाळ नाही. उरलं कोण?”

उरलं कोण, ते दोघांनाही माहीत होतं. मी उठले, तेवढ्यात उत्तरातली एक ओळ मला खटकली.

“एक सांगा. मूळ मसुद्यात पाण्याची टाकी होती का? तुम्ही टाकी कापून बाग ठेवली, असं काही?”

“कसली टाकी?”

“गंजलेली. चार पायांची.”

“छे! पहिल्यापासून बागच होती. मीच समासात ‘सुरेख’ लिहिलंय, हे बघा.”

मी पाहिलं. बागेसमोर लाल अक्षरात ‘सुरेख’ होतं. मी परत खुर्चीत बसले. पेपर जर या तिघांपैकी कुणाकडून फुटला असेल, तर मुलीला बाग मिळायला हवी होती. चोरीचा माल घेणारी पोर मालातच खोट काढते आणि परीक्षेत लिहून ठेवते, की इथे बाग नाही, टाकी आहे? मग ही टाकी आली कुठून?

३

मुलगी आली ती शाळेच्या दप्तरासकट. समोरच्या खुर्चीत अगदी कडेला बसली. मी पाणी दिलं, तिनं ग्लास हातात धरून ठेवला.

“उतारा आधी वाचला होतास?”

“नाही.”

“आत्यानं काही सांगितलं होतं?”

“आत्या घरी कामाचं बोलत नाही. तिला नुसतं विचारलं तरी ओरडते.”

“मग शेवट कापलाय हे कसं कळलं?”

“तुम्हीच शिकवलंय ना.” मी चमकले. ही पोर माझ्या वर्गात कधीच नव्हती. “आमच्या बाई तुमच्या विद्यार्थिनी. त्या म्हणतात, भिंगबाई सांगायच्या, लेखकानं जे मोजून ठेवलंय ते आधी बघा.” मग जीभ चावली. “सॉरी. भिंगबाई म्हणायचं नव्हतं.”

हसू आलं, पण ते दाबावं लागलं. मी उतारा तिच्यापुढे ठेवला. “पडलेला आहे, हे कशावरून?”

या प्रश्नावर ती सावरली, पोहता येणाऱ्याला पाण्यात सोडल्यासारखी. “उभ्या माणसाला दुसऱ्याच्या हनुवटीखालचं दिसतं का? ट्रेचा तळ दिसतो का? भेटायला येणारे चारला येतात, मग सकाळी सहाचं ऊन पाहिलं कुणी? आणि दारापर्यंतची पावलं जाणारा मोजत नाही. मागे राहतो तो मोजतो.”

इथपर्यंत सगळं कागदावरचं होतं. वाचता येणाऱ्या कुणालाही सापडलं असतं. मला मात्र ते सापडलं नव्हतं आणि कात्रींनाही नाही. आम्ही दोघं बागेवर खूश होऊन बसलो होतो, याची मला लाज वाटली.

“पुढे कपड्यांबद्दल बोलला असेल, हे?”

“चिंधी म्हणतो, वीत म्हणतो, हात म्हणतो. शिवणकाम करणारा आहे. लहान मूल समोर उभं असेल तर तो काय बघेल?”

“बरं. आणि टाकी? टाकी तर कागदावर कुठेच नाही. बाग खोटी हे तू ओळखलंस, मान्य. पण तिथे विहीर असेल, भिंत असेल, दुसरं काहीही असेल. टाकीच का?”

तिनं ग्लास टेबलावर ठेवला.

“अंदाजानं लिहिलं,” ती म्हणाली.

“चार पायांची, गंजलेली, हा अंदाज नाही.”

“टाकीच होती,” ती एकदम म्हणाली आणि दप्तर उचलून उभी राहिली. “मला तीन वर्षं बसू देऊ नका. चालेल. पण आत्याला काही विचारू नका. तिला ते कळलेलं नाही. तिला कळता कामा नये.”

४

साहजिकच मी तिथून निघाले ती थेट आत्याकडे. मुलीची विनंती मी ऐकली नाही आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मंडळाच्या तळमजल्यावर टाइप करणाऱ्यांची खोली आहे. खिडकीला जाळी, दारावर पहारेकरी, मोबाइल बाहेर ठेवायचे. मुलीची आत्या पन्नाशीची, मानेला पट्टा लावलेली. माझं नाव ऐकल्यावर तिनं हात मशीनवरून काढले आणि मांडीवर ठेवले.

“भाची परीक्षेला बसतेय हे मी कळवलं नाही, ही माझी चूक. कबूल करते,” ती म्हणाली. “कळवलं असतं तर या हंगामाचं काम गेलं असतं. पण पेपर मी घरी नेला नाही बाई. नेणार तरी काय? त्यात काय आहे हे मला माहीत नसतं.”

“तुम्हीच टाइप केलात.”

“टाइप केला. वाचला नाही.” तिला माझ्या चेहऱ्यावरचा अविश्वास दिसला असावा. “इथे पहिल्या दिवशी शिकवतात. वाचायला लागलं की हात अर्थाच्या मागे धावतात आणि चुका होतात. आपण अक्षरं बघायची. सव्वीस वर्षं अशीच काढली. तुम्ही या पेपरात माझं मृत्युपत्र छापायला दिलं असतं तरी मला कळलं नसतं.”

ती खोटं बोलत नव्हती. शेजारच्या दोघींनी, न विचारता, माना हलवल्या. मी मग जरा विचार केला आणि म्हणाले, “मी वाचून दाखवते. ऐका.”

मी सावकाश वाचायला लागले. पहिल्या वाक्याला ती नुसती बघत होती. उन्हाच्या चिंधीपाशी तिनं मान किंचित वाकडी केली. ट्रेपाशी काही नाही. ‘खिडकी पावणेदोन हात रुंद’ म्हटल्यावर तिनं माझं मनगट धरलं.

“थांबा. हे कुणी लिहिलंय?”

“तुम्ही सांगा.”

“हा माझा दादा आहे.” तिनं माझं मनगट सोडलं. “दादा असंच बोलायचा. तो शिंपी होता ना. आई गेली तेव्हा सगळे रडत होतो आणि हा म्हणतो, चादर अर्धा हात कमी पडतेय. मी त्याच्यावर केवढी चिडले होते.” ती उठून जाळीशी गेली, परत आली. “नऊ वर्षं झाली त्याला जाऊन. आठ महिने इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर होता. पोर आठ वर्षांची, तिची आई तर तिला आठवतसुद्धा नाही. मीच न्यायचे तिला. मुलांना जवळ जाऊ देत नव्हते.”

“खिडकीतून काय दिसायचं?”

“काही नाही हो. पाण्याची टाकी.”

खोलीतल्या सगळ्या मशीनचा आवाज थांबला होता. आत्या माझ्या हातातल्या कागदाकडे पाहत होती. “हे मी टाइप केलं?” तिनं विचारलं. “दोनदा? आणि मला कळलं नाही?”

मुलगी मला काय टाळायला सांगत होती, ते आता माझ्यासमोर बसलं होतं. माझ्याकडे तिला देण्यासारखं काहीही नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि एवढंच विचारलं, की दादा तिथे काही लिहायचा का.

“लिहायचा की. एका वहीत. दर बुधवारी एक सर यायचे, आजाऱ्यांकडून लिहून घ्यायला. मन रमतं म्हणायचे. दादा गेल्यावर मी वही मागितली, तर म्हणाले, हरवली.”

“नाव आठवतं सरांचं?”

“नाव नाही. पण आवाज असा गोड, की ऐकत राहावं.”

एवढा गोड आवाज असलेला माणूस आमच्या मंडळात एकच होता. त्याचे दोन लेख मी दहा वर्षं वर्गात शिकवले होते.

५

सर घरीच होते. पुस्तकांची खोली, स्वच्छ टेबल, टेबलावर कोरे कागद. प्रश्न काढणारे म्हणून त्यांचा मान मोठा, आणि लेखक म्हणून त्याहून मोठा. साध्या, कष्टकरी माणसांवरचं त्यांचं पुस्तक घराघरात आहे.

“मुलीबद्दल वाईट वाटतं,” ते म्हणाले. “पण शिक्षा झालीच पाहिजे. नाहीतर परीक्षेला अर्थ काय?”

“मला फक्त उताऱ्याबद्दल विचारायचंय सर. मुलांना विचारतो तेच तुम्हाला. या निवडी का केल्या?”

त्यांना बरं वाटलं. नट, बाग, आशा, यांवर ते दहा मिनिटं बोलले आणि छान बोलले. मी टिपून घेतलं. मग विचारलं, “आणि ट्रेच्या तळाची चिठ्ठी?”

“ती... एकूण उपेक्षा सूचित करते.”

“तुम्हाला दिसली कशी? तुम्ही कुठे होता?”

“पलंगाच्या पायाशी. उभा.”

“उभं राहून ट्रेचा तळ?”

“लेखकाला कल्पनाशक्ती असते बाई.”

“मग बारा पावलं टाकणारा कोण? तो का आहे लेखात?” त्यांनी टेबलावरचे कोरे कागद सरळ केले. “पावणेदोनच का? दीड का नाही? सकाळी सहाला तिथे कुणाला आत सोडतात?” मी कागद त्यांच्याकडे वळवला. “सर, सजवलेल्या प्रत्येक वाक्याचं तुम्ही भरभरून कारण दिलंत. मोजलेल्या एकाही वाक्याचं तुम्हाला देता येत नाही. कारण ती तुम्ही निवडलेली नाहीत. पडून असलेल्या एका शिंप्यानं निवडली. तुम्ही त्याला उठवून पलंगाच्या पायाशी उभं केलंत, त्याची टाकी काढून बाग लावलीत आणि खाली सही केलीत की हे माझं. त्या मुलीकडे पेपर पोचला नाही. तिच्या बापाची वही तुमच्याकडे पोचली होती.”

“पुरावा?”

“तिसऱ्या मजल्याची बुधवारची हजेरीवही इस्पितळाच्या दप्तरात आहे. येताना बघून आले. आठ महिने तुमची सही आहे. आणि टाकी अजून उभी आहे, चार पायांवर. गंजलीये.”

त्यांनी कोरे कागद बाजूला सारले. बोलले तेव्हा आवाजातला गोडवा गेला होता. “तीन वर्षांत मला एक ओळ सुचलेली नाही. मंडळानं तारीख दिली, मी हो म्हणालो. वही काढली. काय होतं तिच्यात? मापं! नुसती मापं! मी त्याचं गद्य केलं.”

“वही कुठाय?”

“उतरवून झाल्यावर रद्दीत दिली. सगळ्याच दिल्या.”

“सगळ्या म्हणजे किती?”

“पंचवीसेक असतील.”

त्यांच्या पुस्तकातला तो म्हातारा ड्रायव्हर, ती धोबीण, वर्गात वाचताना ज्यांच्यावर माझा आवाज भरून यायचा. “सर,” मी विचारलं, “तो ड्रायव्हर?”

त्यांनी मान फिरवली आणि खिडकी लावून घेतली.

६

शुक्रवारी समितीपुढे मी सगळं मांडलं. सीलबंद कपाट उघडलं, मसुद्यात बागच निघाली, आणि पेपरफुटीचा आरोप तिथेच मिटला. आता सुटलो, असं मला वाटलं होतं. पण सचिवांनी नियमांचं पुस्तक काढलं.

“उमेदवाराला उताऱ्याची आधीपासून ओळख असेल तर त्या प्रश्नाचे गुण धरता येत नाहीत.”

“तिनं उतारा ओळखला नाही,” मी म्हणाले. “बाप ओळखला.”

“त्याला आपल्याकडे कलम नाही बाई.”

मी टेबलावर हात आपटला. दोन तास भांडले, घसा बसला. शेवटी त्यांनी तोडगा काढला. दुसरा प्रश्न सगळ्यांसाठीच रद्द, आणि सगळ्यांना सरसकट वीसपैकी वीस. कोरं पान सोडलेल्यालाही वीस. सरांनी प्रकृतीचं कारण देऊन मंडळ सोडलं, आणि पत्रकात त्यांच्या प्रदीर्घ सेवेबद्दल आभार छापून आले. आत्याला माहिती दडवल्याबद्दल एक हंगाम काम नाही. मुलगी सुटली आणि वर्ष वाचलं, तिच्या पदरात एवढंच पडलं. मी समितीचा राजीनामा दिला, तो कुणी फारसा मनावर घेतला नाही.

निघताना मी एक गोष्ट मागून घेतली, सरांच्या पूर्ण मसुद्याची नक्कल. वही गेली ती गेली. तिच्यातलं जे काही या जगात उरलं होतं, ते या दीड पानात होतं, दुसऱ्याच्या शब्दांत मिसळलेलं.

रविवारी दुपारी मुलगी माझ्याकडे आली. मी कागद तिच्यापुढे ठेवला आणि पेन्सिल दिली. जास्त काही सांगावं लागलं नाही. ती वाचायची, थांबायची आणि खोडायची.

“‘थोडे नट असतो’, हे बाबांचं नाही.” रेघ. “‘आशाच नव्हे काय’, नाही.” रेघ. चिंधी राहिली, गळा राहिला, चिठ्ठी राहिली. एका ठिकाणी तिनं मला विचारलं, मी चुकीचं उत्तर दिलं आणि तिनं समजावून सांगितलं. मग कात्रींनी कापलेला परिच्छेद आला. तो आम्ही दोघी पहिल्यांदाच धड वाचत होतो.

‘आणि तू, लेकरा, जगाच्या दुसऱ्या काठावर उभी होतीस. मृत्यू हा शेवटी एक शिंपीच. तो प्रत्येकाला नेमका बेततो. तुझ्या फ्रॉकला खाली तीन बोटं कापड आत दुमडलं आहे. टीप उसवली की दोन वर्षं पुरेल. आयुष्यही असेच उसवत, पुरवत न्यायचे असते.’

पहिलं वाक्य तिनं खोडलं. पुढची दोन जोरात खोडली, कागद फाटेल इतकी. शेवटचं खोडलं. मधली दोन वाक्यं उरली. पेन्सिल त्यांच्यावरून एकदा फिरली, टेकली नाही.

“हे बाबांचं,” ती म्हणाली.

मी मान हलवली. तिनं कागद उचलून जवळ धरला आणि पुन्हा वाचला.

“निळा होता तो,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी मला आखूड झाला. आत खाली कापड आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं. आत्यानं तो शेजारच्या मुलीला देऊन टाकला.”